दात पाहून

भगवंत मुकादम माणसाचं तोंड उघडून त्याचं वय सांगतो, अशी ख्याती बोईसर स्टेशनापासून तारापूरच्या समुद्रापर्यंत पसरली होती. ती पसरवण्यात सगळ्यात मोठा वाटा खुद्द भगवंत मुकादमाचाच होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मूळचा तो घाटावरचा. बाप जनावरांच्या बाजारात दलाल, त्यामुळे मिसरूड फुटायच्या आधीपासून भगवंत बैलांची तोंडं उघडत आला होता. बैलाला वरचे पुढचे दात नसतातच. देवाने तेवढी काटकसर केलेली आहे. त्याचं वय लिहिलेलं असतं खालच्या दातांवर. सगळे दुधाचे असले की तो आदत, दोन पक्के आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती आणि आठही आले की जुळलेला. जुळलेला बैल म्हणजे भर उमेदीतला, डोळे मिटून नांगराला जुंपावा असा. पुढे एकदा भगवंतने एका थकलेल्या बैलाचे दात कानशीने घासून त्याला जुळलेला म्हणून खपवला आणि घेणारा आठ दिवसांनी चार भाऊ बरोबर घेऊन त्याला शोधत आला. त्याच दिवशी भगवंतने घाट सोडला. बोईसरला मात्र तो 'तिकडची हवा मानवली न्हाई' असं सांगत असे.

तो खाली उतरला तेव्हा तारापूरला वीजघराचं काम निघालं होतं आणि साहेब लोकांच्या राहत्या वसाहतीचं बांधकाम एका ठेकेदार कंपनीकडे होतं. कंपनीला माणसं हवी होती, माणसांना काम हवं होतं आणि मधे टेबल टाकून बसले होते टिपणीस कारकून. टिपणीसांचा बायकोपेक्षा नियमांवर जीव जास्त. नियम असा होता की चाळिशीच्या आतल्याने खडी-सिमेंटची घमेली वाहायची; चाळीस ते पंचावन्नपर्यंतच्याला हलकं काम, म्हणजे पाणी पाजणं, झाडलोट, राखण; आणि पंचावन्न झाली की घरी. हजेरीच्या पुस्तकात नाव, गाव, वय आणि 'वयाचा पुरावा' असे चार रकाने होते. पहिले दोन सरसर भरले जायचे. तिसऱ्यापाशी टिपणीसांची लेखणी अडायची. डोंगराकडच्या पाड्यांवरून आलेल्या माणसांकडे जन्माचा दाखला कुठून असणार? कुणी सांगायचा, मोहाला फूलच आलं नाही त्या साली जन्मलो. कुणी सांगायची, वाघाने बैल नेला त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात. टिपणीस घाम पुसत विचारायचे, "अरे, पण इसवी सन कोणतं?"

तिथे भगवंत पुढे सरसावला. "तोंड उघड," रांगेतल्या पहिल्या माणसाला तो म्हणाला. अंगठ्याने त्याचा खालचा ओठ ओढला, आत पाहिलं आणि सांगितलं, "सत्तावीस." टिपणीसांनी सत्तावीस लिहिलं. चौथ्या रकान्यात काय लिहावं, यावर ते जरा घुटमळले आणि मग सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'दात पाहून'. रकाना भरला होता. टिपणीसांना याहून जास्त काही नको होतं. आठवड्याभरात भगवंत मुकादम झाला.

आता यातली गंमत अशी की शेकडो माणसांचे दात बघणाऱ्या या माणसाच्या तोंडात वरच्या बाजूचा एकही दात स्वतःचा नव्हता.

लहानपणी आईच्या मिश्रीच्या डबीत बोट घालायची सवय लागली, ती सुटली नाही. मिश्रीच्या पाठोपाठ तंबाखू आली. दिवसातून पाच वेळा गुळाचा चहा. चूळ भरणं हे त्याच्या घरी सणासुदीचं काम होतं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा त्याने आणखी मिश्री लावली, कारण मिश्री लावली की घटकाभर बरं वाटतं. चाळिशीच्या आतच वरचे दात एकेक करून हलले आणि गेले. खालचे कसे टिकले कोण जाणे. मुंबईला एका चिनी दातवाल्याने वरची कवळी करून दिली होती, ती दोन वर्षांत ढिली झाली. हे गुपित फक्त बायकोला, नर्मदेला ठाऊक होतं. भगवंत ओठ मिटून हसत असे, म्हणून लोकांना तो गंभीर वाटे. कवळी निसटू नये म्हणून सावकाश आणि मोजकं बोलत असे, म्हणून विचारी वाटे. सुके बोंबील त्या कवळीला चावत नसत, म्हणून घिवली गावची नवसी कोळीण बोंबील विकायला आली की तो उपासाचा वार सांगायचा: आज सोमवार, आज गुरुवार, आज एकादशी. "मुकादमाच्या आटवड्यात समदे उपासच," नवसी पाटी उचलत म्हणायची.

पासष्ट साली भात झोडून झाल्यावर डोंगराकडच्या एका पाड्यावरून बुधा कामाला आला. बरोबर सून लाडकी होती. बुधाचे केस पांढरे, पाठीला बाक, आणि गुडघे असे की बसला की उठताना सुनेचा हात लागायचा. रांगेत नंबर लागल्यावर तो म्हणाला, "मुकादम, मना पाणी पाजायचं काम द्या. गुडगं नाय चालत."

"वय?" टिपणीसांनी विचारलं.

"मानमोडीची साथ आली, माजा बाप गेला, तवा मी नांगर धराया लागलो."

मानमोडीची साथ म्हणजे अठरा सालचा तो जीवघेणा ताप. मनात मांडणाऱ्याला हिशेब अवघड नव्हता, बुधा साठीच्या पुढचा होता. तसं कुणी मांडलं असतं तर त्याला त्याच पावली घरी पाठवलं असतं, हेही खरं. पण टिपणीसांना साथ ठाऊक नव्हती आणि भगवंतचा अंगठा तोवर बुधाच्या ओठाला लागला होता.

बुधाने तोंड उघडलं आणि भगवंत बघतच राहिला. आख्खी बत्तिशी जागच्या जागी. एकाला कीड नाही, एक हललेला नाही, हिरड्या लेकराच्या असाव्यात तशा घट्ट आणि गुलाबी. भगवंतला आधी हेवा वाटला आणि हेव्याच्या पाठोपाठ राग आला. या म्हाताऱ्याने आपल्याला हिणवायलाच हे तोंड जपून ठेवलंय, असं त्याला उगाचच वाटलं.

"जुळलेला," तो म्हणाला. "बत्तीस."

"बत्तीस दात?" टिपणीसांनी मान वर केली.

"बत्तीस वर्षं."

लाडकी पुढे झाली. "आवो, माजा नवराच तीस वर्षांचा हाय. त्याचा बाप बत्तीसचा कसा?"

"बाई, तोंडी पुरावा चालत नाही," टिपणीस म्हणाले आणि त्यांनी बुधाच्या नावापुढे लिहिलं: बत्तीस, दात पाहून.

दुसऱ्या दिवसापासून बुधा डोक्यावर खडीचं घमेलं घेऊन फळीवरून चढू लागला.

त्याच महिन्यात जिवल्या आला. वय असेल चोवीस, खांदे असे रुंद की दारातून जाताना आडवं व्हावं लागे. पण तोंडात दिवसरात्र तंबाखू, वरून टपरीवरचा पाकासारखा चहा. पुढचे चार दात काळे, दोन अर्धे. भगवंतने पाहिलं आणि म्हणाला, "बेचाळीस." जिवल्याला पाणक्या केलं. त्याने सावलीत पाण्याच्या पिंपापाशी बैठक मारली. बुधा घमेलं टाकून धापा टाकत यायचा तेव्हा जिवल्या त्याच्या हातात डबा देत म्हणायचा, "पी, बारक्या. दहा वर्षांनी मोटा हाय मी तुज्यापेक्षा." सगळे हसायचे. बुधाही हसायचा आणि हसताना त्याचे ते शुभ्र दात दिसायचे, मग सगळे आणखीच हसायचे.

भगवंतला मात्र हसू येत नसे. बुधाला फळीवरून उतरताना तो रोज बघत होता. एक पाय टेकायचा, दुसरा ओढायचा, मधेच घमेल्याला हात लावून डोळे मिटून उभं राहायचं. चूक झाली हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण एक आकडा खोडला की पुस्तकातले तीनशे आकडे डळमळायचे आणि त्यांच्याबरोबर मुकादमही. तेव्हा तो तोंड फिरवून मिक्सरवाल्यावर ओरडायचा.

सकाळी मात्र त्याला तिकडे बघितल्याशिवाय राहवत नसे. विहिरीजवळ बुधा करंजाची काडी घेऊन उकिडवा बसलेला असायचा. सगळं सावकाश चालायचं, घाई म्हणून नाही. एकदा न राहवून भगवंतने विचारलं, "काय रं, एवढा वेळ काय करतोस त्या काडीनं?"

"बापानं लावलेली सवय हाय," बुधा म्हणाला. "काडी कवळी पायजे, मुकादम."

भगवंतचा हात एकदम मिशीवर गेला. "काय म्हणालास?"

"कवळी. कवळी पायजे. जून काडीनं हिरडी सोलते." बुधाने कोवळ्या काडीचं चावलेलं टोक त्याला दाखवलं. "आदी कुंचा होईस्तवर चावायची. मंग दातावरून, हिरडीवरून हलक्या हातानं फिरवायची. रगत नाय काडायचं, भांडी नाय घासत आपण. मंग काडी चिरायची, तिनं जीब खरवडायची. काय बी खाल्लं का चूळ. ताडी प्यालो तरी चूळ."

"आन् निजताना?"

"निजताना बी. दिसभर खाल्लेलं रातभर तोंडात कशाला सांबाळायचं?"

भगवंतने हे सगळं मनात साठवून घेतलं आणि त्यातलं काहीही केलं नाही. तंबाखू मळायला घेतली.

जिवल्याला सावली का मिळाली, हे कळायला पोरांना वेळ लागला नाही. पाड्यावरची तरणी पोरं आपसात बोलू लागली की कंपनीला काळे दात आवडतात. दुकानदाराच्या तंबाखूच्या पुड्या संध्याकाळच्या आत संपू लागल्या. होळीपर्यंत विहिरीजवळच्या करंजाला नवी पालवी फुटून वाढली, कारण बुधाशिवाय त्याच्या फांदीला कुणी हातच लावत नव्हतं. नवीन येणारी पोरं रांगेत उभी राहण्याआधी आठवडाभर चूळ भरत नसत. भगवंत त्यांचे ओठ ओढायचा, आतला वास नाकात जायचा आणि तो सांगायचा, "एक्केचाळीस. त्रेचाळीस." मिक्सरवाला भैया म्हणायचा, "यहाँ तो सब बूढ़े भर्ती हो रहे हैं, मुकादम." भगवंत ऐकू न आल्यासारखं करायचा.

अशात 'कायम'ची बातमी आली. कंपनीला पुढचंही काम मिळालं होतं आणि दोन मुकादमांना कायम करून वसाहतीच्या कडेला एकेक खोली मिळणार होती. नर्मदेने खोली लांबूनच पाहून घेतली. तुळस कुठे ठेवायची, चूल कुठल्या कोपऱ्यात घालायची, हे ठरवून टाकलं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या पडवीत राहिली होती. स्वतःचं दार लावून घ्यायचं, एवढीच तिची इच्छा होती आणि भगवंतलाही आतून तेच हवं होतं. घाट सोडल्यापासून त्याला कुठलंच दार आपलं वाटलं नव्हतं.

अट एकच होती: वय पंचावन्नच्या आत, पुराव्यासकट. भगवंत त्रेचाळीस वर्षांचा. पण गावच्या शाळेचं रजिस्टर वाळवीने खाल्लं होतं आणि गावात पत्र टाकायची त्याला सोय नव्हती; त्या चार भावांपैकी एक आता सरपंच होता.

"त्यात काय एवढं?" टिपणीस म्हणाले. "आपल्या पुस्तकात सोय आहे. दात पाहून."

"मग लिवा की त्रेचाळीस."

"स्वतःचे दात स्वतः पाहता येत नाहीत, मुकादम. नियमात बसत नाही. शनिवारी मुंबईच्या दाताच्या डॉक्टरीणबाई येणार आहेत, कामगारांना दात कसे राखावेत ते सांगायला. त्या पाहतील आणि लिहून देतील."

भगवंतने टिपणीसांपुढे उरलेल्या सगळ्या दातांच्या कण्या केल्या. टिपणीस हलले नाहीत. घरी नर्मदा म्हणाली, "आवं, खरं वय सांगून टाका की. देवाशपथ सांगा."

"देवाची शपथ तोंडी असती," भगवंत म्हणाला. "ती चालत न्हाई."

शनिवारी मांडव पडला. वागळेबाई नावाच्या त्या डॉक्टर चष्मा लावलेल्या, ठेंगण्या आणि हसऱ्या होत्या. त्यांनी टेबलावर प्लास्टरचा भला मोठा जबडा ठेवला, हातभर लांबीचा ब्रश घेतला आणि सांगायला लागल्या. सकाळी आणि झोपताना दात घासा. ब्रश नसला तर काडीने घासा, काडी वाईट नाही. हिरड्यांवर जोर करू नका. हिरडीतून रक्त येऊ लागलं तर ते दुखण्याचं पहिलं पत्र समजा, मिश्री लावून ते फाडून टाकू नका. खाऊन झालं की चूळ भरा. साखर कमी खा. तंबाखू सोडा. बाई चांगलं बोलत होत्या. भगवंत मागच्या खांबाला टेकून ऐकत होता आणि त्याला वाटत होतं, ही बाई वीस वर्षं उशिरा आली.

पण मांडवात कुणीच खूश दिसेना. शेवटी जिवल्या उभा राहिला.

"बाई, दात चांगले राकले तर डोक्यावर घमेलं येतं," तो म्हणाला. "आमाला दात काळे करायची पूड आसंल तर द्या."

वागळेबाईंनी साहेबांकडे पाहिलं. देसाई साहेब म्हणजे बांधकामाचे इंजिनियर. त्यांनी टिपणीसांकडे पाहिलं. टिपणीस खुशीत उठले आणि हजेरीचं पुस्तक उघडून बाईंपुढे ठेवलं. बाईंनी पान उलटलं, दुसरं उलटलं. सगळीकडे तेच सुवाच्य अक्षर: दात पाहून, दात पाहून, दात पाहून.

"पाणी पाजणारे सगळे मला पंचविशीचे दिसतायत," बाई म्हणाल्या. "आणि घमेली वाहणारा कुणी आहे का इथे?"

बुधाला पुढे आणलं. बाईंनी त्याला खुर्चीवर बसवून तोंड उघडायला सांगितलं आणि बराच वेळ आत पाहिलं. "इतकं निरोगी तोंड मी माझ्या दवाखान्यात पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "यांचं वय?"

"बत्तीस," टिपणीसांनी सांगितलं.

बाईंनी बुधाचे हात उलटेसुलटे करून पाहिले, डोळ्यांच्या बुबुळांभोवतीची पांढरी कडी पाहिली, गुडघ्याला हात लावला तेव्हा बुधा कळवळला. "बत्तीस कुणी ठरवलं?"

"मुकादमांनी. दात पाहून."

"मग आधी मुकादमांचेच दात पाहू. त्यांचा कागद माझ्याकडे आलेलाच आहे."

भगवंत पुढे आला तो पायात घमेली बांधल्यासारखा. खुर्चीवर बसला. "आ करा," बाई म्हणाल्या. त्याची खरोखर दातखीळ बसली. बाई पुन्हा म्हणाल्या, "आ करा." त्याने तांदळाच्या दाण्याएवढी फट केली. बाईंनी बोटाने गाल जरा ओढला, आणि दोन वर्षांपासून निसटायची वाट पाहत असलेली ती चिनी कवळी आपण होऊन बाईंच्या तळहातावर येऊन पडली.

मग आख्खा मांडव दात काढून हसला आणि हसणाऱ्यांत काळ्या दातांचा भरणा जास्त होता.

देसाई साहेब हसले नाहीत. टिपणीसही हसले नाहीत. त्यांनी लेखणी उघडली होती. "वरचे दात शून्य," ते म्हणाले. "मुकादमांच्याच पद्धतीने बघायचं तर पासष्ट होतात, साहेब. लिहू?"

भगवंत बोलायला गेला, पण तोंडातून नुसता वारा आला. दुसऱ्याचे दात घशात घालायची त्याला सवय होती. आज स्वतःचेच दात परक्या बाईच्या हातात होते. बायकांच्या गर्दीत नर्मदा उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता आणि ती हसत नव्हती. खोली गेली, तुळस गेली. त्याला इतकी लाज वाटली की ती घाटावरच्या त्या दिवशीही वाटली नव्हती.

तेवढ्यात खुर्चीमागून बुधाचा आवाज आला.

"साहेब, बैलाला वरचे दात नसत्यातच."

साहेबांनी वळून पाहिलं. "काय म्हणालास?"

"जनम गेला गुरं राकण्यात," बुधा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, तो अगदी मनापासून सांगत होता. "बैलाचं वय खालच्या दातांवरून बगत्यात. वरचे नसलं तरी बैल जवान आसतो. मुकादमानं आमाला बैलासारकं बगितलं, तुमी बी त्याला तसंच बगा. खालचे बगा त्याचे."

यावर जो हशा झाला तो आधीच्या दुप्पट होता. पण वागळेबाईंनी हसत हसत खरंच खालचे दात पाहिले. डाग होते, हिरड्या सुजलेल्या होत्या, तरी दात जागेवर होते. "खालून पाहिलं तर माणूस चाळीस-पंचेचाळीसचा दिसतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतः किती सांगता?"

"त्रेचाळीस," भगवंतने कसंबसं सांगितलं.

"त्रेचाळीस," टिपणीसांनी टिपून घेतलं.

"आणि या म्हाताऱ्याचं वय आता खरं सांगा, मुकादम," देसाई साहेब म्हणाले. "तुमचे दात राहू द्या. खरं सांगा."

बाईंनी कवळी परत दिली होती. भगवंतने ती बसवली आणि बुधाकडे पाहिलं. या वेळी त्याच्या तोंडाकडे नाही पाहिलं. मानमोडी म्हणजे कोणतं साल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याची आत्या त्याच तापात गेली होती. साठ-बासष्ट. तेवढं म्हटलं की बुधाला उद्याच पाड्याची वाट. बत्तीस म्हटलं की घमेलं. आणि दुसरं काहीही म्हटलं तरी तीनशे माणसांपुढे कबूल करावं लागणार की भगवंत मुकादमाला काही कळत नाही.

"पन्नास," तो म्हणाला. "पैल्यांदा चुकलं माझं. माणसाच्या दातावरनं वय कळत न्हाई, साहेब. दातावरनं एवढंच कळतं, कुणी चूळ भरली अन् कुणी न्हाई."

वागळेबाईंनी बुधाच्या नावापुढे पन्नास लिहून सही केली. बुधाकडे बघून त्यांनाही हिशेब कळला असावा, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी पाणक्यांची रांग लावली. जिवल्या तासाभरात बेचाळीसचा चोवीस झाला आणि घमेलं शोधायला गेला. भगवंतला साहेबांनी शिक्षा म्हणून नवं काम दिलं. रोज सकाळी पिंपापाशी उभं राहून प्रत्येकाने दात घासले की नाही, चूळ भरली की नाही, हे बघायचं. वरचा एक दात नसलेल्या माणसाकडे अख्ख्या कामाचे दात सोपवले गेले.

पंधरा दिवसांनी कागद आला. वर ठळक अक्षरात 'कायम' लिहिलेलं होतं. भगवंतने तो नर्मदेला दाखवला, तिने कागदाला हळद-कुंकू लावलं. मग त्याची नजर वयाच्या रकान्यावर गेली आणि तो तसाच टिपणीसांकडे धावला.

"हे चोपन्न कुटनं आलं?"

"तुमच्याच दातांतून," टिपणीस शांतपणे म्हणाले. "वरून पासष्ट, खालून त्रेचाळीस. दोन पुरावे जुळले नाहीत तर सरासरी घ्यावी, असा नियम आहे. चोपन्न होतात. साहेबांची सही झालेली आहे."

"म्हंजे मी कायम कवापतुर?"

"पुढच्या वर्षी पंचावन्न होईपर्यंत."

भगवंतने कागदाची घडी घातली. "आन् बुधा?"

टिपणीसांनी पुस्तक उघडून पाहिलं. "पन्नास. त्याला अजून पाच वर्षं आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंत पिंपापाशी गेला तेव्हा बुधा तिथे आधीच बसला होता. पिंप भरलेलं, डबा धुतलेला. पोरं करंजाखाली काड्या मोडत होती, जिवल्याही तोंड वाकडं करून एक चावत होता. बातमी सगळ्यांना कळली होती. टिपणीस नियम कुणापासून लपवत नसत. बुधाने एक काडी निवडली, नखाने टोक दाबून पाहिलं आणि मुकादमाच्या हातात दिली.

"घ्या. कवळी हाय."

भगवंतने या वेळी मिशीवर हात नेला नाही. सगळ्यांसमोर त्याने आपली कवळी काढली, पिंपाच्या कडेवर ठेवली आणि काडी चावायला सुरुवात केली.

"हळू, हिरडीला जपून," बुधा म्हणाला. "वरचे पासष्टचे झाले, झाले. खालचे तरी त्रेचाळीसचे राकू."